उंदेरीवर कोण राहतं?

मी रायगड जिल्ह्याचा म्हटलं की पुण्यात ऑफिसातले लोक लगेच विचारतात, "वा! मग घर अगदी समुद्रावर का?"

नाही हो. आमचं खोपोली. तालुका खालापूर. एका अंगाला बोरघाट, दुसरीकडे एक्सप्रेस वे, आणि पावसाळ्यात डोक्यावर चार महिने ढग. खालापूर आणि शेजारचा कर्जत हे दोन तालुके समुद्राच्या जिल्ह्यात असून समुद्राकडे पाठ करून बसलेत. आमच्यासाठी कर्जत म्हणजे लोकल, लोणावळा म्हणजे पाहुण्यांना फिरवायची जागा आणि अलिबाग म्हणजे कलेक्टर कचेरी. लहानपणी मला वाटायचं की अलिबागला लोक फक्त दाखले आणायला जातात! गंमत म्हणजे १९८१ पर्यंत या जिल्ह्याचं नाव होतं कुलाबा, म्हणजे थेट अलिबागच्या समुद्रातल्या किल्ल्याचं. आमच्या आजोबांच्या जुन्या कागदांवर तेच आहे. जिल्ह्याला नाव पाण्यातल्या किल्ल्याचं, आणि आम्ही डोंगराच्या पायथ्याशी.

असो. तर विषय आहे निर्जन बेटाचा.

झालं असं की आमच्या इंजिनियरिंगच्या बॅचचा एकजण सध्या ऑनसाईट आहे. तो सुट्टीत कॅरिबियनला गेला आणि ग्रुपवर धडाधड फोटो टाकले. क्लाइन कुरासाओ नावाचं एक इवलंसं बेट. मुख्य बेटावरून सकाळी बोटीने निघायचं, दोनेक तासांत पोचायचं, संध्याकाळी परत. पांढरी वाळू, निळंशार पाणी, एक रिकामं पडलेलं दीपगृह, किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा सांगाडा. खाली कॅप्शन, "इथे एकही माणूस राहत नाही!!" ग्रुपवर सगळे हळहळले. शनिवारी दुपारी प्रॉडक्शनचा कॉल चालू असताना असले फोटो बघणं म्हणजे छळच.

पण मला खरा प्रश्न पडला तो वेगळाच. आपल्या जिल्ह्यात असं काही नाही का? आहे की! अलिबागच्या थोडं उत्तरेला थळ गाव आहे, त्याच्या समोर समुद्रात दोन बेटं आहेत, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे, धक्का आहे, होळीला कोळी लोकांची गर्दी असते. आणि किनाऱ्याला जास्त जवळ असलेल्या उंदेरीवर यातलं काहीही नाही. सगळा किल्लाच किल्ला, आणि कोणी राहत नाही. खोपोलीहून पेणमार्गे सकाळी निघालो तर दुपारपर्यंत बेट बघूनही होतं. व्हिसा नको, काही नको.

फक्त एक अडचण. उंदेरीला धक्का नाही. भरतीच्या पाण्यातच होडी खडकाला लागते. पाणी उतरायला लागलं की एक तर निघायचं, नाही तर पुढच्या भरतीपर्यंत बेटावर बसायचं. म्हणजे आधी भरतीची वेळ हवी. आता यासाठी ॲप आहेत, पण कोकणातल्या लोकांकडे पिढ्यान् पिढ्या एक सोपा फॉर्म्युला आहे, तो मला फार आवडतो. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. आज चतुर्थी? चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमी? सहा वाजता. बस! सकाळी एक, रात्री एक, साधारण बारा-साडेबारा तासांच्या अंतराने. कारणही सरळ आहे. चंद्र रोज जवळजवळ ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, आणि तिथी दिवसापेक्षा किंचित लहान असल्याने पाऊण तास हे त्यातल्या त्यात सोपं गुणक. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण डोक्यातल्या डोक्यात होणाऱ्या हिशोबाकडून अजून काय हवं? आम्ही त्रयोदशी निवडली. तेरा पाऊणे पावणेदहा. सकाळची वेळ, थंडीचे दिवस, समुद्र शांत. ठरलं.

टीम तिघांची. मी, कर्जतचा एक मित्र (याला आपण कर्जतकर म्हणू), आणि बाबा.

बाबांचं येणं प्लॅनमध्ये नव्हतं. आदल्या रात्री मी टेबलावर पंचांग घेऊन बसलेलो पाहून त्यांना वाटलं माझ्या लग्नाचं काहीतरी चाललंय. बेटाचं म्हटल्यावर म्हणाले, "मीपण येतो. आहे काय मला काम?" बाबा रिटायर झाल्यापासून हे वाक्य जरा जास्तच ऐकू येतं. आई म्हणाली, "घेऊन जा रे त्यांना, घरात नुसत्या येरझाऱ्या चालतात."

पहाटे निघालो. खोपोलीतून बाहेर पडताना पाताळगंगा ओलांडली आणि कर्जतकराचं आणि माझं भांडण सुरू झालं. तो म्हणतो त्यांची उल्हास नदी मोठी. मी म्हणतो आमची पाताळगंगा कामाची. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी पाइपातून घाट उतरून खोपोलीला टाटांच्या वीजघरात येतं, १९१५ पासून. त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली आणि सुटलेलं पाणी आमच्या नदीला मिळालं. म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "भांडू नका. ह्याची नदी जाते वसईच्या खाडीला, आपली जाते धरमतरला. शेवटी समुद्रच." म्हणजे आपण समुद्राकडे पाठ करून बसलो असलो तरी नदी आपली तिकडे जात होतीच की! हे भूगोलात शिकलो असणार, पण त्या दिवशी वडखळच्या पुढे खाडीवरचा खारा वास नाकात शिरला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

थळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा आठ वाजून गेले होते. सुक्या मासळीचा वास, ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी विणणारे दोन म्हातारे. समोर दोन्ही बेटं स्पष्ट दिसत होती. आधी आडवी, काळपट, बुटकी उंदेरी. तिच्या पलीकडे खांदेरी, दोन उंचवटे आणि वर दीपगृह. एका नाखवांशी भाव ठरला. माणूस साठीचा, बोलणं मोजकं. म्हणाले, "पानी उतराय लागला का मी हाक मारीन. तवा फोटो काढत बसायचा नाय." बाबांचं आणि त्यांचं लगेच जमलं. दोघेही इंजिनाच्या आवाजावरून इंजिनाची तब्येत सांगणारे.

होडीत बसल्यावर थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत नसेल तर उंदेरी म्हणजे नुसते दगड आणि काटे.

मुंबई बंदराच्या तोंडाशी दक्षिणेला ही दोन बेटं. मुंबईत इंग्रज आणि पुढे दक्षिणेला जंजिऱ्याचा सिद्दी. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, पण इंग्रज आणि सिद्दी दोघांचाही विरोध झाला आणि काम थांबलं. मग ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं घेऊन खांदेरीवर उतरले आणि भिंत उठवायला लागले. इंग्रजांना बंदरातून बाहेर पडताना ही भिंत रोज थोडी वाढलेली दिसत असणार! त्यांनी गलबतं पाठवली, नाकेबंदी केली, लढाया झाल्या, त्यांचं एक जहाजही मराठ्यांच्या हाती पडलं. छोट्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून बेटावर सामान पोचवत आणि मोठ्या जहाजांना पाठलाग जमत नसे. अखेर १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी तडजोड केली आणि खांदेरी मराठ्यांची झाली.

सिद्दीने मात्र तडजोड केली नाही. त्याने काय करावं? जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी ताब्यात घेतली आणि तिथे आपला किल्ला बांधायला काढला. का, तर खांदेरीला काटशह. म्हणजे उंदेरीवर किल्ला आहे याचं एकमेव कारण पलीकडे खांदेरीवर किल्ला आहे. दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. आपल्याकडे एका कंपनीने एक फीचर काढलं की समोरची कंपनी सहा महिन्यांत तेच काढते ना, तसा प्रकार. फक्त इथे माणसं मरत होती.

होडी तटाच्या ईशान्येला खडकांपाशी आली. नाखवांनी इंजिन बंद केलं, लाटेचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "आता!" आम्ही उड्या मारल्या. खडकांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. चपला घालून येणारांनी विचार करावा. बाबा उतरताना मी हात पुढे केला तर म्हणाले, "बाजूला हो, दिसत नाही मला."

दरवाजा आडोशाला आहे, समुद्रातून चटकन दिसू नये असा. आत गेलं की समोर झुडपं, काटे, ढासळलेली जोती. तट काही ठिकाणी अजून ताठ उभा, काही ठिकाणी दगड सुटून समुद्रात पडलेले. बुरुजांवर आणि झुडपांत तोफा पडल्यात, गंजून खडबडीत झालेल्या. एकीचं तोंड अजून खांदेरीकडे होतं. मी तिच्या मागे उभं राहून नेम धरून पाहिला तर दीपगृह बरोबर समोर. कर्जतकर म्हणाला, "भाई, अजून ड्युटीवर आहे ही."

आवाज नव्हता. म्हणजे होता, पण लाटांचा, वाऱ्याचा आणि पक्ष्यांचा. माणसाचा नाही. मोबाईलला रेंज मात्र फुल्ल! समोर थळ, पलीकडे खत कारखान्याची धुराडी. निर्जन असलं तरी बेट काही जगाच्या टोकाला नाही. एखाद्या भरवस्तीतल्या बंद घरासारखं ते वाटत होतं.

बाबा कुठे गेले म्हणून शोधत गेलो तर ते पाण्याच्या टाक्याशी उकिडवे बसले होते. दगडात बांधलेलं टाकं, तळाशी हिरवट पाणी. बाबा कंपनीत युटिलिटी सेक्शनला होते, पंपहाऊसला. डिग्री नाही, पण पाण्याचा उतार डोळ्यांनी ओळखतात. काठीने दाखवत म्हणाले, "हे बघ, जमिनीचा उतार इकडे घेतलाय. चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायचं. माणशी रोज पाच लिटर धर, आंघोळ नाहीच. आठ महिन्यांचे झाले बाराशे लिटर. शंभर माणसं असली तर एक लाख वीस हजार. दहा मीटर लांब, सहा रुंद, दोन मीटर खोल, एवढं भरलेलं टाकं हवं. पाणी जेवढं, तेवढीच माणसं. तोफा कितीही आणा."

मी म्हटलं, "बाबा, हे भारी आहे. किल्ल्याची कपॅसिटी टाक्यावर."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कॉलनीचंपण तसंच होतं."

कॉलनी म्हणजे त्यांच्या कंपनीची कॉलनी. मी आठवीत असेपर्यंत आम्ही तिथे राहिलो. खोपोलीत असे बरेच कारखाने होते. त्यातला हा एक २०१० च्या सुमारास बंद पडला. नाव लिहीत नाही. आधी पगार उशिरा, मग अर्धे, मग गेटवर नोटीस. दोनेक वर्षांत सगळी घरं रिकामी झाली. आम्ही बाजारपेठेजवळ फ्लॅटमध्ये गेलो, बाबांनी एका वर्कशॉपमध्ये नोकरी धरली आणि रिटायर होईपर्यंत तिथेच काढली. कॉलनीच्या भिंतीवरून आता पिंपळ बाहेर आलेत. बसने जाताना ती भिंत दिसते. घरात हा विषय निघत नाही. कधीच निघाला नाही.

बाबा टाक्यात बघत बोलत होते. "लोक म्हणतात लाईट कापली म्हणून माणसं गेली. लाईट नंतर कापली. आधी पाणी. डिझेलला पैसे नव्हते, पंप सकाळी एक तास, मग दिवसाआड. शेवटच्या दिवशी पंप मीच बंद केला. व्हॉल्व्ह फिरवला आणि चावी ऑफिसात दिली. रजिस्टरमध्ये सही केली. त्या दिवशी अकरा कुटुंबं राहत होती अजून. आपण धरून."

काय बोलावं ते मला सुचलं नाही. मला आठवत होतं की त्या दिवसांत बादल्या भरायला आईबरोबर मी टँकरवर जायचो. पंप बंद करणारा माणूस संध्याकाळी आमच्याच घरी जेवायला येत होता हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? ड्युटी होती."

कर्जतकर लांबून हाका मारत होता म्हणून आम्ही उठलो. पण मला ते टाकं नंतर पुन्हा जाऊन बघावंसं वाटलं, आणि मी गेलो.

बुरुजावर बसून डबे उघडले. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. समोर खांदेरी. आणि मला त्या कॅरिबियन बेटाची आठवण झाली. परत येऊन मी त्याबद्दल वाचलं. क्लाइन कुरासाओवर आज कोणी राहत नाही हे खरं, पण डच वेस्ट इंडिया कंपनी आफ्रिकेतून गुलाम आणायची, तेव्हा त्यातल्या आजारी लोकांना आधी या बेटावर उतरवत. जे वाचले नाहीत त्यांना तिथेच पुरलं. पुढे एकोणिसाव्या शतकात फॉस्फेट खणून खणून बेटाचा वरचा थरच नेला. फोटोतली ती मोकळी, स्वच्छ वाळू मुळात अशी मोकळी झालेली आहे. आणि इकडे उंदेरी बांधणारे सिद्दी, तेही मूळचे आफ्रिकेचेच. त्याच सतराव्या शतकात एका समुद्रात आफ्रिकन माणसाला बेटावर मरायला टाकत होते आणि दुसऱ्या समुद्रात आफ्रिकन वंशाचे आरमारी सरदार बेटं बळकावून मराठ्यांना आणि इंग्रजांना घाम फोडत होते. सिद्दींचं जंजिरा संस्थान पार १९४८ पर्यंत टिकलं. शाळेत सिद्दी म्हणजे फक्त शत्रू. त्याचं टाकं पाहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की त्याच्याकडेही कोणीतरी आमच्या बाबांसारखा पाण्याचा हिशोब करणारा असणार.

मग उंदेरी रिकामी का झाली? १७६० मध्ये मराठ्यांनी ती जिंकली, नाव ठेवलं जयदुर्ग. आता दोन्ही बेटं एकाच बाजूला! मग काटशह कोणाला द्यायचा? पुढे सगळाच किनारा इंग्रजांचा झाला आणि तोफांचं कामच संपलं. खांदेरीला १८६७ मध्ये दीपगृह मिळालं, म्हणजे दिवा लावायला माणूस लागला, त्याला शिधा लागला, होडी लागली, धक्का लागला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. उंदेरी नाही. त्या यादीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण दोन्ही बेटांवर दगड तेच, पाऊस तोच. एकीला नवं काम मिळालं, दुसरीला नाही, एवढाच काय तो फरक.

२०२० मध्ये आमचं ऑफिसही महिनोन्‌महिने असंच पडलं होतं. नंतर लॅपटॉप बदलायला गेलो तेव्हा माझ्या डेस्कवरचं रोप वाळून काडी झालेलं, आणि कॅलेंडर मार्चवर. तेव्हा आम्ही हसलो होतो. कारण काम आमच्याबरोबर घरी आलं होतं, पगार चालू होता. कॉलनीतल्या लोकांचं काम कुठेच गेलं नाही, ते संपलं.

साडेअकराच्या सुमाराला नाखवांची हाक आली. खडक आता बऱ्यापैकी उघडे पडले होते. होडीत बसल्यावर कर्जतकराने त्यांना विचारलं, "काका, इथे कोणीच राहत नाही ना?"

नाखवा हसले. "राहत नाय. पन नाय कसा? आमी रोजचे हाव. बाया कालवा काढाय येतात, वारा सुटला का होड्या आडोशाला येतात. तुमी शनवारचे."

बाबा मोठ्याने हसले. परतीच्या वाटेवर त्यांनी कॉलनीतल्या आणखी चार गोष्टी सांगितल्या. कोणाच्या घरी पहिला रंगीत टीव्ही आला, गणपतीत कोण वर्गणी बुडवायचं वगैरे. मी गाडी हळू चालवली.

जाणार असाल तर थोडक्यात माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात अजिबात नाही, जून-जुलै मासेमारी बंद असते आणि होडी मिळाली तरी जाऊ नये. तिथी बघून निघा, भरतीच्या तासभर आधी थळला हजर राहा, आणि वेळ नाखवांकडून पक्की करून घ्या. पाणी माणशी दोन लिटर घरून न्या, टाक्यातलं पिण्याजोगं नाही. बूट घाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काटे फार. तोफांवर चढून फोटो काढू नका. आणलेला कचरा परत आणा, तिथे झाडू मारायला कोणी नाही.

आणि घरात कोणी रिटायर झालेलं असेल तर त्यांना बरोबर न्या. उडी मारताना हात देऊ नका, त्यांना राग येतो.